दोन फिती

मावळातल्या घरांत फोटो टिकत नाहीत. जूनमध्ये लोहगड-विसापूरवरचे ढग एकदा खाली उतरले की दसऱ्यापर्यंत भिंतींची ओल हटत नाही. पेटीतल्या लुगड्यांना कुबट वास येतो आणि काचेमागची माणसं हळूहळू काचेला चिकटत जातात. पुढे कुणी हौसेने काच काढायला गेलं की कपाळ, नाक, मिशा असं सगळं काचेबरोबर निघून येतं, हाती पुठ्ठा उरतो. मळवलीच्या आमच्या घरात माळ्यावर असे पुठ्ठे आहेत. त्यांवर खांदे आहेत, खुर्च्यांचे हात आहेत, एका ठिकाणी नुसतीच नथ आहे. ती कुणाची, हे सांगणारं आता कुणी राहिलेलं नाही.

एक फोटो तेवढा वाचला, कारण तो देव्हाऱ्याच्या वर होता. खाली तेवता दिवा, भिंतीपलीकडे चूल. बाकीचं घर भिजत असताना ती एवढी भिंत कोरडी राहायची. काजळीने काच पिवळी पडली, कसरीने एक कोपरा खाल्ला, खालच्या कडेला फोटोवाल्याचं नाव असणार ते कुणीतरी चौकटीत बसवण्यासाठी कापून टाकलं. पण माणसं शाबूत आहेत. मागे रंगवलेला पडदा, त्यावर विलायती खांब आणि फुलांची कुंडी. एका खुर्चीवर पागोटं बांधलेला म्हातारा, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. दुसरीवर डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी. तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांची पोर, नेमक्या वेळी हललेली, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी धुकं. आणि म्हातारीच्या खुर्चीला लागून उभा असलेला खाकीतला तरुण. पोरीची आई फोटोत नाही. ती बहुधा घरी राहिली असेल. सुनांनी स्टुडिओत जायचे ते दिवस नव्हते.

"ह्यो बसऱ्याला गेला," आत्या सांगते. "माघारी आला न्हाई."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या हिशेबाने हा तिच्या आज्याचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, थोरला भाऊ. नाव तिला ठाऊक नाही. वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, या एका रिवाजापायी किती नावं कायमची गेली याची गणती कुठे नसेल. घरात त्याला 'बसऱ्याचे बाबा' म्हणत. सर्वपित्रीला त्याच्यासाठी या फोटोपुढे पान वाढलं जाई, आणि आत्याला कळू लागल्यापासून ते वाढलं जात आलेलं आहे.

घराची डागडुजी काढली तेव्हा फोटो खाली उतरवला. काच सुदैवाने सुटी होती. फोटो मोठा करून संगणकाच्या पडद्यावर घेतला आणि त्या माणसाकडे पाहत बसले.

पहिल्यांदा चेहराच पाहिला जातो. चेहऱ्यावरून काहीही कळलं नाही. आमच्या घराण्याचं ते नाक मला आरशात रोज दिसतं. ते माझ्या वडिलांना होतं, दोन्ही काकांना आहे, आणि ते कुणालाही कुणापासून वेगळं करत नाही. फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांत जे येतं, तेच डोळ्यांत होतं. मग नजर खाली सरकवली. कपड्यांवर.

तसं पाहिलं तर आपण देवसुद्धा चेहऱ्यावरून ओळखत नाही. हातात काय आहे, वाहन कोणतं, पायाखाली कोण, हे पाहून ओळखतो. आमच्या स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांकडे चालत गेलं की तिथल्या विहाराच्या ओसरीत दोन मोठी शिल्पं आहेत. एकात रथातला पुरुष, बरोबर दोन स्त्रिया, एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. दुसऱ्यात हत्तीवरचा पुरुष. रथ म्हणून पहिला सूर्य, हत्ती म्हणून दुसरा इंद्र, असं बरेच जण म्हणतात. काही अभ्यासकांना ते पटत नाही. त्यांना तिथे मांधाता राजाची कथा दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर रथाची चाकं आणि हत्तीची सोंड अजून स्वच्छ दिसतात, तरी मतं जुळत नाहीत. मग शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरच्या एका शिपायाने हट्ट का सोडावा?

पण शिपायाच्या बाबतीत एक सोय असते. त्याच्या अंगावरचं काहीच त्याने स्वतः निवडलेलं नसतं. प्रत्येक बटणामागे सरकारचा एखादा हुकूम असतो, आणि हुकुमाला तारीख असते.

कुर्ता लांब, खाकी, मांडीच्या बराच खाली आलेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी पायदळाचे शिपाई असे कुर्ते घालत. दुसऱ्या महायुद्धातला असता तर खोचलेला शर्ट नाहीतर कमरेशी संपणारा आखूड जाड डगला दिसला असता. म्हणजे त्या युद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेतलं 'बसरा' हे ढोबळ मानाने खरं. पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. पायदळातला माणूस घोट्यापासून सुरुवात करून वर जातो, नाडी गुडघ्याखाली बांधतो. घोडेस्वार वरून खाली येतो, त्याची नाडी घोट्याशी बांधलेली असते, कारण मांड घातल्यावर वरची गाठ खोगिराला घासून सुटते. आमच्या माणसाची नाडी वर होती. पायदळ. दंडावर हुद्द्याच्या पट्ट्या नाहीत. लान्स नाईकाची एक नाही, नाईकाच्या दोन नाहीत, हवालदाराच्या तीन तर नाहीतच. साधा शिपाई. फोटो उलटा छापलेला नाही ना, हेही पाहून घ्यावं लागतं, कारण काचेच्या निगेटिव्हची बाजू चुकली की डावा माणूस उजवा होतो. छातीवरची फितींची पट्टी डाव्या बाजूला होती, आणि ती डावीकडेच लावतात. तेव्हा फोटो सुलटा.

फितींकडे वळण्याआधी खांदा.

खांद्यावरच्या पट्टीवर पितळेचा आकडा असतो, त्याखाली अक्षरं. अक्षरांवर उजेड पडून ती पांढरी झाली होती. आकडा मात्र कसाबसा दिसत होता. तीन अंकी, पहिला एक. दुसऱ्यावर कुर्त्याच्या घडीची सावली. तिसऱ्याला गोल पोट होतं. मला त्या पहिल्या एकाचा फार आनंद झाला, तो थोडं वाचल्यावर ओसरला. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेरने हिंदुस्थानच्या फौजेची नवी क्रमवारी लावली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यांत सरळ शंभर मिळवून टाकले. तिसरी होती ती १०३ वी झाली, सतरावी होती ती ११७ वी. म्हणजे सुरुवातीच्या एकाचा अर्थ एवढाच की हा मुंबईकडच्या फौजेतला. ते आम्हालाही माहीत होतं, मावळातला माणूस मद्रासच्या पलटणीत कशाला जाईल!

मराठ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणी तेव्हा सहा होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. गोल पोटाच्या अंकामुळे ११४ आणि ११७ गळतात. उरलेल्या चारांपैकी कोणती, यावर आमच्या फोटोचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि येईल असं वाटतही नाही. पण या आकड्यांमागे जे होतं ते वाचताना मी फोटो बाजूला ठेवला आणि बरेच दिवस तेच वाचत राहिले.

नोव्हेंबर १९१४ मध्ये शत्-अल्-अरबच्या मुखाशी फाओला जी फौज उतरली आणि त्याच महिन्यात जिने बसरा घेतलं, तिचं नाव सहावं पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. बसऱ्याला खरं तर तेलाच्या वाहिन्या राखायच्या होत्या. पण विजय मिळत गेले आणि सेनापतींना बगदाद दिसू लागलं. जनरल टाउन्शेंड तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेला. सप्टेंबर १९१५ मध्ये कूत घेतलं, नोव्हेंबरमध्ये बगदादच्या उंबऱ्यावर, सलमान पाकला, तुर्कांशी गाठ पडली आणि फौज रक्तबंबाळ होऊन मागे फिरली. ७ डिसेंबरला कूतला वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. पीठ कमी होत गेलं. घोडे आणि खेचरं मारून गोऱ्या शिपायांनी खाल्ली; हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस कितीतरी आठवडे नाकारलं, पुढे नाइलाजाने काहींनी तोंडात घातलं. शेवटी शरणागती. मग कैद्यांचे तांडे वाळवंटातून उत्तरेकडे हाकले गेले, जगले ते रास-अल्-ऐनकडच्या रेल्वेच्या कामावर लागले. टाउन्शेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. माझ्या मते त्या लढाईबद्दल सांगण्यासारखी पुष्कळशी गोष्ट या शेवटच्या दोन वाक्यांत येते.

ज्वारी-भाताच्या गावातले ते लोक. पावसाला कंटाळलेले. त्यांना तिथे पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या असतील, हे मनात आलं आणि खिडकीबाहेर इंद्रायणीला पूर होता.

'बसऱ्याचे बाबा' कूतमध्ये होते का? खांदा बोलेना, तेव्हा छातीकडे गेले. डाव्या बाजूला एक अरुंद आडवी पट्टी. पदकं समारंभाला, एरवी नुसत्या फिती लावायच्या. पट्टीच्या मध्ये एकच उभी रेघ होती, दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्यावर मध्ये दिसावी तशी. म्हणजे फिती दोन.

आता रंग. फोटो काळा-पांढरा, पण तो काळा-पांढराही भरवशाचा नाही. त्या काळच्या फोटोच्या काचा ज्या रसायनांनी लेपलेल्या असत त्यांना निळा रंग फार लवकर दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे त्या फोटोंत निळं ते फिकट होतं आणि लाल, नारिंगी ते काळपट. कपाळावरचं कुंकू म्हणून तर जुन्या फोटोंत काळा ठिपका दिसतो. आमच्या म्हातारीचंही तसंच आहे. हे ध्यानात ठेवून फितींकडे पाहायचं. दोन्ही मध्ये काळ्या, कडांना फिकट होत गेलेल्या. पहिलीच्या काळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पांढरी रेघ. ब्रिटिश वॉर मेडलची फीत मध्ये नारिंगी, मग पांढरी, मग काळी, कडेला निळी. व्हिक्टरी मेडलची फीत म्हणजे दोन इंद्रधनुष्यं पाठीला पाठ लावून, लाल मध्ये आणि जांभळा कडांना. दोन्ही चपखल बसल्या. सरहद्दीवरच्या मोहिमांचं जे जुनं पदक होतं त्याची फीत मध्ये निळी. ती असती तर मधला भाग फिकट आला असता.

माझ्या भाच्याने मध्यंतरी हा फोटो मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये घालून रंगीत केला. क्षणात झाला. पडदा हिरवा, कुर्ता मातकट, म्हातारीचं लुगडं जांभळं, आणि फिती मध्ये गडद निळ्या! यंत्राने काळपट पाहिलं आणि निळं धरलं. फोटोत नेमकी नारिंगी होती तिथे. घरच्यांना मात्र तो रंगीत फोटो फार आवडला आणि नातेवाइकांच्या गटावर फिरला.

तर दोन फिती. आणि या दोनमध्ये तिसरी नाही, ही सगळ्यात मोठी गोष्ट. जो शिपाई १९१५ संपायच्या आत कुठल्याही रणांगणावर पोहोचला त्याला १९१४-१५ चा तारा मिळाला, त्याची फीत या दोघींच्या आधी लागते. ती नाही. म्हणजे हा माणूस १९१६ उजाडण्याआधी बसऱ्याला नव्हता. कूतच्या वेढ्यात नव्हता. त्याच्या खांद्यावरचा आकडा १०३ किंवा ११० असला तरी त्याने फरक पडत नाही, कारण कूतमध्ये गेलेल्या पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभ्या केल्या गेल्या.

आणि दुसरं, जे पाहिल्यावर मी खुर्चीतून उठले. ही दोन्ही पदकं १९१९ मध्ये जाहीर झाली. ज्याच्या छातीवर त्यांच्या फिती आहेत, तो लढाई संपल्यावर जिवंत होता. १९२२ मध्ये मराठ्यांच्या सहाही पलटणी एका रेजिमेंटात आल्या, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत, आणि तीन अंकी आकडे गेले. खांद्यावर तीन अंक, छातीवर दोन फिती: फोटो १९१९ ते १९२२ मधला, किंवा जुना बिल्ला काही महिने रेंगाळला असं धरलं तर फार तर किंचित पुढचा.

म्हणजे बसऱ्याहून माघारी न आलेला माणूस फोटोत बसऱ्याहून माघारी येऊन उभा होता.

कपड्यांवर एवढा विश्वास ठेवावा का, असं कुणी विचारील. मी स्वतःलाही विचारलं. पण त्या धुक्याच्या तोंडाच्या पोरीने साक्ष दिली. ती कोण हे घरात सगळ्यांना माहीत आहे: माझ्या आजोबांची थोरली बहीण, आत्याची आत्या. तिचा जन्म मानमोडीच्या सालातला. मानमोडी म्हणजे १९१८ चा तो इन्फ्लुएन्झा, ज्याने त्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं झोपवली. आमच्याकडे जन्मसालं अशी साथींना नाहीतर दुष्काळांना बांधलेली असत आणि ती कागदावरच्या तारखांपेक्षा पक्की निघतात. तेव्हाची पोर दीड-दोन वर्षांची, म्हणजे फोटो १९२० च्या सुमाराचा. फितींचंही म्हणणं तेच.

त्या पोरीबद्दल घरात आणखी एक वाक्य चालत आलेलं आहे. "ती झाली तेव्हा बाप घरात नव्हता." लहानपणापासून मी ते ऐकलंय. बाप म्हणजे माझे पणजोबा. पुरुष घरात नसणं इतकं नेहमीचं होतं की तो कुठे होता हे कुणी कधी विचारलंच नाही.

पणजोबांची आमच्याकडे जी आठवण आहे ती सगळी रेल्वेची. जी.आय.पी.च्या गँगमध्ये होते. पावसाळ्यात घाटाकडे दरड आली की रात्री कंदील घेऊन जायचे. आत्याने त्यांना पाहिलं ते म्हातारपणी, एका डोळ्यात फूल पडलेलं, कानाला मुंडासं, ओटीवर बसून दोर वळणारे. फोटोतल्या ताठ तरुणाशी तिने त्यांना कधी ताडून पाहिलं नाही, आणि पाहावं तरी का? हा बसऱ्याला मेलेला, असं तिला सांगितलेलं होतं. घराने एक शिपाई लक्षात ठेवला होता, मेलेला. दुसरा रोज समोर बसून दोर वळत होता.

मला हे असं दिसतं. ही माझी जुळणी आहे, पुरावा नव्हे. दोघे भाऊ गेले, थोरला आधी, धाकटा मागाहून. थोरल्याचा फोटो कधी निघालाच नाही. भरतीवाल्याच्या मागे गेला तो गेला. धाकटा परतला, अंगावर वर्दी असेपर्यंत आईबापांना घेऊन स्टुडिओत गेला. नंतर केव्हातरी, बहुधा म्हातारीच्या हट्टाने, तो फोटो देव्हाऱ्यावर लागला. तिला पान वाढायला एक तोंड हवं होतं. भाऊ एकमेकांसारखे दिसत. वर्दी तर सारखीच. आणि धाकट्याने नाही म्हटलं नाही.

आयुष्यभर दर भाद्रपदात या माणसाने आपल्याच फोटोपुढे भावासाठी वाढलेलं पान पाहिलं. मी आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी आज्जा समद्यांच्या मागनं जेवायचा. आमाला वाटायचं, उपास आसंल." यात मी काही भरणार नाही.

मग थोरला कुठे आहे? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे, १९१४ पासून १९२१ पर्यंत मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं न सापडलेल्यांची. ते स्मारक १९२९ मध्ये शत्-अल्-अरबच्या काठी, गोदीजवळ, उभं राहिलं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या फर्मानाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर लांब, ओसाडीत नेऊन बसवलं. मूळच्या फलकांवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी फौजेपैकी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली 'आणि इतके इतर' अशी संख्या. आता युद्धस्मारकांच्या संस्थेच्या नोंदींत नावं मिळतात, काहींपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, 'पूना' असंही असतं. त्यांत शोधायचं म्हटलं तर आधी नाव हवं. आमच्याकडे 'बसऱ्याचे बाबा' आहे.

या आमच्या टापूत नावं न टिकण्याचं खरं तर काही कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यासमोरचा सिंहस्तंभ महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणकाने दिला, हे त्या खांबावर आजही वाचता येतं. भाज्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदताचं नाव आहे, आईच्या नावासकट. त्यांचे चेहरे कसे होते कुणाला ठाऊक नाही. याच कार्ल्यात जानेवारी १७७९ मध्ये तोफेच्या गोळ्याने मेलेला कंपनी सरकारचा कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवला, शत्रू असून, आणि वडगावात त्याचं स्मारक आहे. शौर्य दिसलं तर परक्याचंही नाव सांभाळायची आमची रीत दिसते. घरच्याला मात्र 'बाबा' पुरतं.

फोटोचं हे बोलणं चालू असतानाच आत्या म्हणाली, "त्याच्यासंगं ती देवी आली व्हती म्हणत्यात. बसऱ्याहून."

कुठली देवी? तिने देव्हाऱ्यात मागच्या बाजूला हात घातला. टाकांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली एक जड गोल चकती होती, मोठ्या वाटीच्या तोंडाएवढी, हळदी-कुंकवाने माखलेली. मी ती दिव्याखाली धरली. उभी बाई. हातात त्रिशूळ. पुढ्यात सिंह.

आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांनी अगदी शास्त्राने ओळख पटवली होती. त्रिशूळ आहे, सिंह आहे, म्हणजे अंबाबाई. दुसरं कोण असणार? कार्ल्याची एकवीरा इथून जवळ, घरात एक आणखी आली तर चांगलंच. ती ब्रिटानिया होती. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक शिपायाच्या घरी सरकारने पाठवलेली काशाची चकती. जवळजवळ बारा सेंटिमीटर व्यासाची, साम्राज्यभर दहा लाखांहून जास्त वाटली गेली. कडेने इंग्रजी वाक्य, तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला अशा अर्थाचं. त्यावर हुद्दा नसतो, पलटण नसते. मेल्यावर सगळे सारखे म्हणून मुद्दाम नसते. सिंहाच्या वरच्या बाजूला एक आडवी चौकट असते आणि तिच्यात उठावाच्या अक्षरांत फक्त एक गोष्ट असते, त्या माणसाचं नाव.

म्हणजे नाव घरात होतं. शंभर वर्षं देव्हाऱ्यात होतं.

मी कुंकू पुसलं, ओल्या कापडाने, मग मऊ ब्रशने. चौकट सापडली. चौकटीत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं. दर दसऱ्याला, दर नवरात्राच्या आधी, देव घासायला काढायचे. चिंच आणि राख, नंतर पीतांबरी. सिंहाची आयाळ गेली, बाईचं नाक गेलं, आणि अक्षरं उठावाची म्हणून सगळ्यात आधी गेली. तिरप्या उजेडात धरली की डावीकडे एक उभा दांडा दिसतो आणि शेवटी कदाचित एक गोलाई. मधे किती अक्षरं मावतील याचा अंदाज बांधता येतो. नोंदींतल्या मावळच्या नावांशी तो ताडून पाहायचं काम आता हातात घेतलंय. बेळगावला रेजिमेंटच्या सेंटरलाही लिहिलं आहे. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने 'सुमारे १९२०, उभे: पणजोबा' एवढं लिहून ठेवलं, आणि पान कुणासमोर वाढायचं ते आत्यावर सोडलं.

चकतीपुरतं मात्र तिला बजावलं, की आत्या, हिला आता चिंच लावायची नाही, घासायची तर अजिबात नाही, आहेत ती दोन रेघाही जातील.

"मंग काळी पडंल की देवी," आत्या म्हणाली, आणि चकती माझ्या हातातून घेऊन पदराने पुसू लागली.